मॉन्युमेंट व्हॅलीला गाडीने जायचंय? आधी घड्याळ बघा

अमेरिकेत ॲरिझोना आणि युटाच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीचा प्लॅन करताना बरेच जण ते ग्रँड कॅनियनसारखंच नॅशनल पार्क आहे असं धरून चालतात आणि पहिली गडबड तिथेच होते. हे नवाहो या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांचं स्वतःचं ट्रायबल पार्क आहे, १९५८ पासून तेच चालवतात, म्हणून तुमच्याकडे नॅशनल पार्कचा वर्षाचा पास असला तरी गेटवर तो चालत नाही, माणशी वेगळे पैसे भरावे लागतात. आत आजही कुटुंबं राहतात, त्यांच्या मेंढ्या चरतात. आपण कोणाच्या तरी अंगणातून गाडी नेतोय हे लक्षात ठेवलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आता घड्याळाचं. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण नवाहो नेशन, म्हणजे नवाहो लोकांचा स्वतःचा कारभार असलेला प्रदेश, करतं. म्हणजे मार्च ते नोव्हेंबर फिनिक्समध्ये किंवा पेज या गावात सकाळचे ९ वाजले असतील तर मॉन्युमेंट व्हॅलीत १० वाजलेले असतात. त्यात गंमत अशी की पेजजवळचं अँटिलोप कॅनियन (खडकातली अरुंद घळ) नवाहो जमिनीवर असूनही तिथले टूरवाले पेजची वेळ धरतात. आमचा फोन रस्त्यात दोनदा स्वतःहून वेळ बदलत होता, शेवटी मी डॅशबोर्डवर कागद चिकटवला आणि त्यावर दोन्ही वेळा लिहून ठेवल्या. टूर बुक करताना "ही कुठली वेळ?" असं स्पष्ट विचारून घ्या, कारण एक तास उशीर झाला की टूर गेली.

रूट सोपा आहे. फिनिक्सवरून फ्लॅगस्टाफ, पुढे हायवे ८९ ने कॅमेरॉनच्या पुढे, मग १६० ला लागून ट्युबा सिटी, केयेंटा आणि तिथून १६३ ने वर, एकूण साडेपाच तास तरी धराच. लास व्हेगासहून येणाऱ्यांनी पेजला एक मुक्काम करावा, अँटिलोप कॅनियनही होतं (तिथे नवाहो गाइडशिवाय जाताच येत नाही, बुकिंग आधीच करा) आणि मग पुढचे दोन-सव्वादोन तास काहीच वाटत नाहीत. केयेंटाला टाकी फुल करा, पाणी भरपूर घ्या आणि मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, कारण मोबाइलची रेंज मध्येच गायब होते. अंधारात गाडी चालवायचं शक्यतो टाळाच, गायी आणि घोडे मोकळे फिरत असतात आणि काळा घोडा काळ्या रस्त्यावर अगदी समोर येईपर्यंत दिसत नाही.

कधी जायचं म्हणाल तर माझं मत सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबर. एप्रिल-मेही चांगला पण वारा सुटतो आणि लाल धूळ कानात, कॅमेऱ्यात, सँडविचमध्ये सगळीकडे जाते. जुलै-ऑगस्टला दुपारचे वादळी पाऊस येतात आणि कच्च्या रस्त्याचा चिखल होतो.

तो कच्चा रस्ता म्हणजे आतला १७ मैलांचा लूप, दोन-तीन तास सहज लागतात. सुरुवातीचा उतार सगळ्यात खडबडीत. कोरडं असेल तर साधी सेडान हळूहळू जाते, पण गाडी भाड्याची असेल तर आधी करार वाचा, कच्च्या रस्त्यावर न्यायला बऱ्याचदा परवानगी नसते. आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) आणि मोटरसायकल लूपवर नेता येत नाही. संध्याकाळी लूप बंद होतो, म्हणून पोचल्या पोचल्या गेटवर वेळ विचारा, आणि हो, ती नवाहो वेळ.

पण मी खरं सांगू का, पैसे वाचवायचे तर जेवणात वाचवा, गाइडवर नको. लूपच्या पलीकडे आपल्या गाडीने जाता येत नाही, फक्त नवाहो गाइडबरोबर जाता येतं, आणि खरी जागा तिथेच आहे. बिग होगान म्हणून एक मोठी कमान आहे, आत गेलं की वर छताला गोल भोक. आमच्या गाइडने सगळ्यांना तिरक्या दगडावर पाठ टेकून झोपायला सांगितलं, दगड दुपारच्या उन्हाने कोमट झालेला, वर त्या भोकातून फक्त निळं आकाश, आणि मग ते बासरी वाजवायला लागले. आवाज त्या खडकातून फिरून परत आपल्याकडे येतो. माझ्या शेजारची सहा वर्षांची मुलगी, जी सकाळपासून कंटाळलेली होती, ती एकदम गप्प झाली. होगान म्हणजे त्यांचं पारंपरिक घर, दार नेहमी पूर्वेला. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने या लोकांना शेकडो मैल चालवत हाकलून नेलं होतं, १८६८ च्या करारानंतर ते आपल्या भूमीत परतले, हे ठाऊक असलं की त्या पूर्वेच्या दाराकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं.

नवाहो नेशनमध्ये दारूबंदी आहे, गाडीतही बाटली ठेवू नका. ड्रोन बंद. खडकांवर चढायचं नाही. माणसांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि त्यांनी पोज दिली तर थोडे पैसे द्यायची पद्धत आहे, म्हणून सुटे डॉलर जवळ असू द्या. दागिनेही जमलं तर थेट बनवणाऱ्याच्या टेबलावरून घ्या.

व्हिजिटर सेंटरवरून दोन्ही मिटन आणि मेरिक ब्यूट हे उंच सुटे खडक समोर दिसतात. सकाळी सूर्य त्यांच्या मागून वर येतो तेव्हा नुसत्या काळ्या आकृत्या, संध्याकाळी ऊन समोरून पडतं तेव्हा अख्खा दगड पेटल्यासारखा लाल, त्यामुळे एक तरी रात्र जवळपास काढाच म्हणजे दोन्ही बघायला मिळतं. आतलं हॉटेल भरलं असेल तर केयेंटाला राहा, अर्ध्या तासाच्या आसपासचं अंतर आहे. जाकीट सोबत ठेवा, जागा पाच हजार फुटांहून उंच आहे आणि पहाटे ऑक्टोबरमध्येही दात वाजतात.