डेटिंग अ‍ॅपवर दिसण्याला किती वजन द्यावे आणि कधी

डेटिंग अ‍ॅपवर किंवा विवाहविषयक संकेतस्थळावर नाव नोंदवताना हे आधीच मान्य करावे की सुरुवातीला दिसण्याचेच पारडे जड असते. मिनेसोटा विद्यापीठात इलेन वॉल्स्टर आणि सहकाऱ्यांनी नव्या विद्यार्थ्यांना संगणकाने जोडीदार निवडून दिल्याचे सांगितले, प्रत्यक्षात मात्र जोड्या कशाही लावून त्यांना नृत्याच्या कार्यक्रमाला पाठवले. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जोडीदार आवडला की नाही हे स्वभाव किंवा बुद्धीपेक्षा रूपावरून ठरल्याचे दिसले. पण ती ओळख एका संध्याकाळची होती. २०१५ मध्ये १६७ जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ओळख होताच एकत्र आलेली माणसे दिसायला साधारण एकमेकांच्या तोडीची निघाली, तर आधी बराच काळ ओळख असलेल्यांत असा मेळ आढळला नाही. म्हणून फोटोची काळजी जरूर घ्यावी, पण निर्णय फोटोवर सोडू नये.

फोटो स्वतः हात लांब करून काढू नये. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये गणिताने दाखवून दिले, की १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद दिसते, आणि असे फोटो पाहून कित्येक जण स्वतःच्या चेहऱ्याविषयी विनाकारण खंतावतात. सकाळी खिडकीकडे तोंड करून बसावे, घरातला दिवा बंद करावा, आणि भावंडाला किंवा मित्राला पाच-सहा फुटांवरून, डोळ्यांच्या उंचीवर मोबाइल धरून, मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सांगावे. एक फोटो चेहऱ्याचा, एक पूर्ण उंचीचा आणि एक आवडते काम करतानाचा असला की पुरे. हे फोटो गेल्या वर्षभरातले असावेत. चष्मा रोज लावत असाल तर तो फोटोतही असू द्यावा.

रंग उजळवणारा फिल्टर वापरू नये, हे मी आग्रहाने सांगते. आपल्याकडच्या बायोडाटात अजूनही ‘वर्ण’ असा रकाना असतो आणि त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ असे लिहिले जाते. सावळ्या मुलीच्या घरचेही ‘गव्हाळ’च लिहितात, आणि आपल्या रंगात काहीतरी लपवण्यासारखे आहे हे ती मुलगी त्यातूनच शिकते. २०२० मध्ये लोकांनी याचिकेद्वारे मागणी केल्यावर शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगावरून स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. घरच्या बायोडाटातला रकाना आपणच काढून टाकावा.

दुसऱ्याचे प्रोफाइल पाहताना मात्र घाई टाळावी लागते, कारण आपले मत फार लवकर बनते. २००६ मधील एका प्रयोगात सेकंदाच्या दहाव्या भागापुरता चेहरा पाहून लोकांनी त्या व्यक्तीच्या आकर्षकतेविषयी, इतकेच नव्हे तर विश्वासार्हतेविषयीही मत दिले आणि ते सावकाश पाहून दिलेल्या मतांशी बरेचसे जुळले. देखणा माणूस सज्जनही असणार, असे आपण नकळत गृहीत धरतो. त्यामुळे आधी मजकूर वाचावा, मग फोटो पाहावा, आणि ‘हो’ व ‘नाही’ यांच्या मधल्यांना सरसकट वगळू नये. त्यांच्यापैकी एकदोघांशी बोलून पाहावे.

गप्पा महिनाभर लांबवू नयेत. तेवढ्यात मनात जे चित्र तयार होते त्याच्याशी कोणीच जुळत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत दिवसाउजेडी, वर्दळीच्या जागी, तासभर भेटावे. पहिल्या भेटीत माणूस अवघडलेला असतो, त्यामुळे वागणे खटकले नसेल आणि केवळ रूपाविषयी मन साशंक असेल, तर दुसरी भेट अवश्य घ्यावी. आवाज, हसणे, वेटरशी बोलण्याची रीत यांमुळे तोच चेहरा वेगळा वाटू लागतो.

दोन-तीन भेटींनंतरही शारीरिक ओढ वाटली नाही, तर ‘रूप काय चाटायचंय?’ या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाला बळी पडून होकार देऊ नये. ओढ नसताना दिलेला होकार समोरच्यावरही अन्याय करतो. अशा वेळी गप्प राहून संपर्क तोडण्याऐवजी, ‘तुम्हाला भेटून बरे वाटले, परंतु मला पुढे जावेसे वाटत नाही’, एवढेच त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कळवावे. समोरच्याने कारण विचारले तरी उंची, वजन, रंग किंवा केस यांचा उल्लेख करू नये.