शिक्षक-सेनापतीवर व्याख्यान कसे तयार करावे : जनरल जाप यांच्या निमित्ताने

फ्रेंच वसाहतवादी राजवटीविरुद्ध लढलेले व्हिएतनामचे सेनापती व्हो न्गुयेन जाप यांच्यावर बडोद्यातील एखाद्या मराठी मंडळात बोलायचे असेल, तर जन्मापासून सुरुवात करू नये. १९११ ते २०१३ असे १०२ वर्षांचे आयुष्य चाळीस मिनिटांत ओळीने सांगू गेल्यास हाती फक्त सनावळी उरते. त्याऐवजी एक निर्णय निवडावा आणि बाकीचे चरित्र त्याच्याभोवती मांडावे.

असा निर्णय जानेवारी १९५४ मध्ये सापडतो. वायव्य व्हिएतनाममधील दिएन बिएन फूच्या खोऱ्यातील फ्रेंच तळावर झटपट हल्ला करण्याचे ठरले होते, चिनी सल्लागारांचीही त्याला संमती होती आणि सैनिकांनी तोफा दोरखंडांनी ओढत डोंगरांवर चढवल्या होत्या. असे असताना जाप यांनी ऐनवेळी हल्ला रद्द केला आणि त्याच तोफा मागे घ्यायला लावल्या. हा आपल्या कारकिर्दीतील सर्वांत कठीण निर्णय होता, असे ते पुढे सांगत. येथे वक्त्याने थांबून फळ्यावर खोऱ्याचा ढोबळ नकाशा काढावा : मध्ये धावपट्टी, सभोवती डोंगर. १३ मार्चला लढाई सुरू झाल्यावर धावपट्टी तोफांच्या माऱ्याखाली आली, तळाची रसद हवाई छत्र्यांवर येऊन ठेपली आणि ७ मे रोजी तळ पडला, हे नकाशाविना श्रोत्यांना उमगत नाही.

त्यानंतर मागे वळावे. हनोईच्या थांग लाँग या खासगी शाळेत इतिहास शिकवणारा, नेपोलियनच्या मोहिमांवर रंगून बोलणारा आणि कोणत्याही लष्करी विद्यालयात न गेलेला हा माणूस २२ डिसेंबर १९४४ रोजी अवघ्या ३४ जणांच्या तुकडीचा प्रमुख झाला, हा भाग थोडक्यात पुरे. पत्नीचा फ्रेंचांच्या तुरुंगातील मृत्यू मात्र सांगावा, तोही गहिवर न आणता.

पराभव गाळण्याचा मोह चरित्रकाराला हमखास होतो. जानेवारी १९५१ मध्ये विन्ह येन येथे मोकळ्या मैदानात केलेला हल्ला नापाम (चिकट ज्वालाग्राही द्रव्याच्या) बाँबपुढे कोसळला आणि १९५२ च्या अखेरीस ना सानचा तटबंद तळही घेता आला नाही. १९५४ मधील सबुरीमागे हा अनुभव होता, म्हणून माझ्या मते या दोन लढायांना विजयाइतकाच वेळ द्यावा.

वाचनासाठी मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय येथून सुरुवात करावी. फ्रेंच, अमेरिकी आणि व्हिएतनामी लेखनात हताहतांचे आकडे जुळत नाहीत. म्हणून प्रत्येक आकड्याबरोबर तो कोणत्या बाजूचा हेही टिपून ठेवावे.

शेवटी प्रश्नोत्तरांची तयारी. व्हिएतनामी नेत्यांनी शिवचरित्रातून स्फूर्ती घेतल्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरील मजकूर कोणी तरी काढणारच. त्याला विश्वासार्ह पुरावा नाही, हे नम्रपणे पण स्पष्ट सांगावे. गनिमी काव्याशी तुलना करायची असल्यास ती आपली म्हणून करावी, आणि तीही सुरुवातीच्या काळापुरती. कारण दिएन बिएन फू ही खंदक खणत, तोफा डागत ५६ दिवस चालवलेल्या वेढ्याची लढाई होती.