उडालेल्या फ्लेमिंगोचा आवाज: ईसीएसमध्ये मागची आवराआवर कशी करावी

ऐरोलीत राहणाऱ्या माणसाने गेम करायला घेतला, तर त्यात फ्लेमिंगो येणारच. ठाण्याची खाडी हाकेच्या अंतरावर, २०१५पासून अभयारण्य, २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. युनिटी या गेम इंजिनच्या एन्टिटीज पॅकेजवर माझा थवा मस्त उडत होता. हेच ईसीएस, म्हणजे एन्टिटी-कंपोनंट-सिस्टिम: प्रत्येक पक्षी एक एन्टिटी, म्हणजे नुसता आयडी; त्याला चिकटवलेली माहिती म्हणजे कंपोनंट; आणि त्यावर चालणारा कोड म्हणजे सिस्टिम. आवाजासाठी ३२ व्हॉइसचा, म्हणजे आवाज वाजवणाऱ्या चॅनलचा, पूल (वापरून परत ठेवायचा साठा) ठेवला होता; पक्षी चिखलात उतरला की एक घ्यायचा. एका रात्री शेवटचा पक्षी नष्ट झाला, स्क्रीनवर नुसता चिखल, आणि कलकलाट चालूच! नवा थवा आला तो मुका. पूल रिकामा होता ना.

कारण साधं आहे. एन्टिटी नष्ट केली की तिच्यावरचे साधे कंपोनंट त्याच क्षणी जातात. त्यांच्यासोबत व्हॉइसचा नंबरही गेला, मग परत कोण करणार?

यावर युनिटीत क्लीनअप कंपोनंट आहे. एन्टिटीज १.०च्या आधी त्याला सिस्टिम स्टेट कंपोनंट म्हणत, जुन्या कोडमध्ये तेच नाव दिसेल. फ्लॅट विकून माणूस गेला तरी नो ड्यूज मिळेपर्यंत सोसायटीच्या ऑफिसात त्याची फाइल उघडीच असते, तसंच हे. नष्ट करायला सांगितलं की बाकी सगळं जातं, पण हा कंपोनंट राहतो आणि एन्टिटीचा आयडीही तोवर दुसऱ्याला मिळत नाही. तुम्ही तो काढलात की एन्टिटी खऱ्या अर्थाने संपते.

आता करायचं काय ते बघू.

आधी दोन कंपोनंट वेगळे करा. ‘आवाजहवा’ हा साधा. गेममधलं कोणीही तो लावेल, काढेल. ‘व्हॉइसघेतला’ हा क्लीनअप, फक्त ध्वनी-सिस्टिमचा, इतर कोणी हात लावायचा नाही. परत करताना जे जे लागेल ते सगळं यातच ठेवा. पक्ष्याची जागा, नाव, काहीही नंतर वाचता येणार नाही.

मग दोन क्वेरी, म्हणजे कोणते कंपोनंट आहेत आणि कोणते नाहीत यावरून एन्टिटी शोधणं. पहिली: ‘आवाजहवा’ आहे, ‘व्हॉइसघेतला’ नाही. हे नवे पक्षी. पूलमधून व्हॉइस घ्या, नंबर लिहून कंपोनंट लावा. पूल रिकामा असेल तर काहीच करू नका, पुढच्या फ्रेमला तोच पक्षी आपोआप पुन्हा सापडेल. दुसरी क्वेरी बरोबर उलटी: ‘व्हॉइसघेतला’ आहे, ‘आवाजहवा’ नाही. व्हॉइस थांबवा, पूलमध्ये टाका, कंपोनंट काढा. पक्षी नष्ट झाला किंवा कोणी नुसता ‘आवाजहवा’ काढला, दोन्ही वेळा हीच क्वेरी पकडते. म्हणून ‘मेला का?’ असं वेगळं विचारत बसू नका. आधी दुसरी क्वेरी चालवा, म्हणजे मोकळे झालेले व्हॉइस त्याच फ्रेममध्ये नव्यांना मिळतील.

माझे दोन रविवार गेले ते पुढच्या गोष्टीत. लूप चालू असताना कंपोनंट लावता-काढता येत नाही, म्हणून कमांड बफरमध्ये, म्हणजे नंतर करायच्या बदलांच्या यादीत, नोंद करतात. मी बफर फ्रेमच्या शेवटी चालणारा घेतला होता. व्हॉइस पूलमधून लगेच निघायचा, कंपोनंट मात्र उशिरा लागायचा. मधल्या वेळात दुसऱ्या सिस्टिमने तोच पक्षी नष्ट केला की नंबर कुठेच लिहिलेला नाही. व्हॉइस गेला तो गेलाच, वर बफर एररही फेकतो. उपाय: स्वतःचा बफर बनवा, लूप संपल्याबरोबर त्याच अपडेटमध्ये चालवा आणि डिस्पोज करा, म्हणजे त्याची मेमरी मोकळी करा. थोडा वेग जाईल, जाऊ दे.

पक्ष्याची प्रत काढली तर क्लीनअप कंपोनंट प्रतीत येत नाही. ते बरंच आहे, नाहीतर दोन पक्षी एकाच व्हॉइसवर हक्क सांगतील.

सिस्टिमच्या ऑनडिस्ट्रॉयला, म्हणजे ती बंद होताना चालणाऱ्या फंक्शनला, विसरू नका. गेम बंद होताना दुसरी क्वेरी चालेलच असं नाही. तिथे उरलेले सगळे व्हॉइस थांबवा आणि पूलची नेटिव्ह लिस्ट पर्सिस्टंट ॲलोकेटरने (मेमरी आपण सोडेपर्यंत टिकते तो प्रकार) घेतली असेल तर तीही डिस्पोज करा.

शेवटी चाचणी. ५०० पक्षी उतरवा, काही फ्रेम जाऊ द्या, काहींचा ‘आवाजहवा’ काढा, मग सगळे एकदम नष्ट करा. एक अपडेट झाल्यावर पूलमध्ये ३२ मोकळे असायला हवेत. माझ्याकडे पहिल्यांदा २९ आले होते, आणि त्या तिघांच्या मागे लागूनच तो बफर सापडला.