पावनखिंड एकट्याने खेळायची असेल तर

एकट्याने लढाई मांडली की दोन्हीकडचे सेनापती आपणच, त्यामुळे शत्रूचा डाव आधीच ठाऊक. त्यावर उपाय पत्त्यांचा. जुलै १६६० ची घोडखिंड घ्या. तुम्ही बाजीप्रभू, सिद्दी मसूदची फौज पत्ते चालवतील.

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे माळ्यावरून काढा. परंपरा तीनशे सांगते. एक मावळा पंचवीस जणांचा धरला तर बारा पुरतात. दोन बाजूंना पुस्तकांच्या चळती, वर पोतं, मधली वाट तीनच मावळे शेजारी उभे राहतील एवढी. ही रुंदी वाढली की खेळ बिघडला. शत्रूची संख्या इथेच निकामी होते.

अकरा पत्ते घ्या. त्यातल्या चारांत जोकर पिसून तळाशी ठेवा, सात वर. दर फेरीला एक उलटा. काळा पत्ता: समोरून हल्ला. लाल: कड्यावरून चढाई. चित्र आलं तर रंग न पाहता मसूद दमलेली तुकडी बदलतो. जोकर म्हणजे विशाळगडाच्या तोफा. तोवर एक जरी मावळा खिंडीत उभा असला तर जिंकलात.

घाव लागायला तलवारीला फाशावर चार किंवा वर. बंदुकीला मात्र सहाच, पावसात दारू भिजलेली असते.