कीटोन मोजताय? या चुका टाळा

कीटोन, म्हणजे शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे पदार्थ, दाखवणारी नायट्रोप्रुसाइडची पट्टी जांभळी झाली नाही की बेधडक ‘कीटोन नाहीत’ असं लिहिणाऱ्यांचा मला आता राग येत नाही, नुसता कंटाळा येतो. ती पट्टी ॲसिटोॲसिटेट हा एक कीटोन दाखवते. तिच्यात ग्लायसीन असेल तर थोडंफार ॲसिटोनही. बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हा तिसरा प्रकार तिला दिसतच नाही, आणि मधुमेही कीटोॲसिडोसिसमध्ये (इन्सुलिन कमी पडून कीटोन वाढतात आणि रक्त आम्लधर्मी होतं तेव्हा) तेच ॲसिटोॲसिटेटच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त असतं. पुढे इन्सुलिन सुरू झालं की त्याचंच ॲसिटोॲसिटेट होऊ लागतं, पट्टी आणखी गडद होते आणि सुधारत असलेला रुग्ण बिघडल्यासारखा दिसतो. कॅप्टोप्रिल घेणाऱ्याची लघवी तर कीटोन नसतानाही पट्टी रंगवू शकते. झाकण उघडं राहिलेल्या डबीतल्या पट्ट्या फेकून द्या, वाद घालू नका.

बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हवं असेल तर डिहायड्रोजनेज एन्झाइमची पद्धत वापरा. एनएडी या सहएन्झाइमपासून एनएडीएच तयार होतं, ते ३४० नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषतं ते वाचायचं. सोपं आहे, म्हणूनच लोक बाटलीवरचं लेबल वाचत नाहीत.

आमच्याकडे एका उत्साही संशोधकाला उपाशी उंदरांच्या रक्तात हातातल्या मीटरपेक्षा जवळजवळ दुप्पट आकडे मिळत होते. आधी त्याने मीटरला दोष दिला, मग किटचा बॅच बदलला, मग सॅम्पल आणखी पातळ केले. ब्लँक (कीटोन नसलेलं द्रावण) स्वच्छ, स्टँडर्डची (मात्रा माहीत असलेल्या द्रावणांची) रेघ सरळ, त्यामुळे स्टँडर्डवर संशय कुणी घेईना. शेवटी मी स्टँडर्डच्या पावडरीची बाटली मागवली. लेबलवर ‘डीएल’ लिहिलेलं होतं, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेल्या डी आणि एल रूपांचं निम्मं-निम्मं मिश्रण! हे एन्झाइम फक्त डी रूप ओळखतं, म्हणजे वजन केलेल्या पावडरीतला अर्धा भाग नुसताच पाण्यात पोहत होता. १ मिलिमोलर म्हणून लावलेलं स्टँडर्ड खरं ०.५ होतं, त्यामुळे प्रत्येक सॅम्पल दुप्पट वाचलं जात होतं. सगळी स्टँडर्ड सारख्याच प्रमाणात चुकली की रेघ सरळच येते. तिच्या सरळपणावर भाळू नका.

माझी सवय अशी: स्टँडर्डचा नवीन स्टॉक (मूळ द्रावण) बनवला की आधी तो स्वतः तपासायचा. एनएडी भरपूर, पीएच ९ च्या आसपास, तयार होणारं ॲसिटोॲसिटेट पकडायला हायड्रॅझीन, आणि रिडिंग थांबेपर्यंत थांबायचं. १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमधलं (मोजणीच्या पारदर्शक डबीतलं) शोषण ६.२२ ने, म्हणजे एनएडीएचच्या शोषण-गुणांकाने, भागलं की क्युव्हेटमधली मिलिमोलर मात्रा मिळते. वजन करताना सोडियम मीठ आहे की आम्ल तेही पाहा: एकाचं मोलर वजन १२६, दुसऱ्याचं १०४. ‘एवढा वेळ कुणाला आहे’ म्हणणारेच नंतर महिनाभराचं काम पुन्हा करतात.

दुसरा माझा आवडता राग म्हणजे ‘सॅम्पल जमू देत, संध्याकाळी एकदम लावू’. ॲसिटोॲसिटेट तुमच्या संध्याकाळची वाट पाहत नाही. ते आपोआप ॲसिटोन आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये मोडतं, साध्या फ्रीझरमध्येही हळूहळू. रक्त काढल्याबरोबर बर्फात ठेवा, थंड पर्क्लोरिक आम्लाने प्रथिनं बसवा, सेंट्रिफ्यूज करा, पोटॅशियम कार्बोनेटने उदासीन करा, खाली बसलेलं पोटॅशियम पर्क्लोरेट थंडीतच वेगळं काढा आणि त्याच दिवशी मोजा. उदासीन करायला विसरलात तर एन्झाइम मरतं आणि तुम्ही सॅम्पलला ‘शून्य’ म्हणून मोकळे होता. हे जमणार नसेल तर फक्त बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट द्या. ते बरंच टिकाऊ आहे. पण शिळ्या सॅम्पलवरून बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट भागिले ॲसिटोॲसिटेट हे गुणोत्तर काढून यकृताच्या मायटोकॉन्ड्रियावर निष्कर्ष काढू नका. ॲसिटोॲसिटेट उडालं की गुणोत्तर वाढणारच.

बाकी किरकोळ. लॅक्टेट जास्त असलेल्या सॅम्पलमध्ये लॅक्टेट डिहायड्रोजनेजही एनएडीएच बनवतं, त्यामुळे प्रत्येक सॅम्पलचा एन्झाइमशिवायचा ब्लँक लावा, एकच सामाईक ब्लँक नको. लाल झालेला सीरम परत पाठवा. एकक लिहा: ३ मिलिमोल प्रति लिटर म्हणजे सुमारे ३१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, आणि नुसता ‘३’ लिहून पाठवलेला रिपोर्ट मी वाचत नाही.