भाड्याचं छोटं किचन सजवताय? आधी या चुका टाळा

भाड्याच्या वन बीएचकेमधलं किचन कसं असतं ते सांगायची गरज नाही. कडप्प्याचा नाहीतर काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, त्यामागे दोन फूट टाइल्स आणि त्यातल्या मधल्या मधल्या टाइलवर कपबशी किंवा द्राक्षांचा घड, एक ट्यूबलाइट, दार नसलेला लॉफ्ट, आणि अ‍ॅग्रीमेंटच्या वेळी घरमालकांनी दोनदा सांगितलेलं की भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत हं. मग रात्री रील्स बघत बसायचं, तिथली ती पांढरी शुभ्र लाकडी फळ्यांची किचन्स बघायची आणि कार्टमध्ये एकेक वस्तू टाकत जायची. गंमत अशी की त्या रीलमधल्या किचनमध्ये रोज सकाळी मोहरी तडतडत नाही. आपल्याकडे तडतडते, दिवसातून दोनदा, शिवाय चार महिने पावसाळा. त्यामुळे जे काही घ्याल ते फोडणीला टिकतंय का आणि 11 महिन्यांनी घर बदललं तर टेम्पोत चढतंय का एवढं विचारूनच घ्या, निम्मी कार्ट आपोआप रिकामी होते.

गॅसच्या मागे स्टिकर लावणं

ही सगळ्यात कॉमन चूक. मार्बल डिझाइनचा नाहीतर मोरोक्कन टाइलवाला व्हिनाइलचा रोल मागवायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओट्यामागची सगळी भिंत झाकून टाकायची. पहिले काही दिवस फोटो मस्त येतात, मग शेगडीच्या मागचा भाग गरम होऊन होऊन फुगायला लागतो, कडा सुटतात, सुटलेल्या कडेत तेलाचा चिकटा जाऊन बसतो आणि तो पुसायला गेलं की कडा आणखी सुटते. ऑइलप्रूफ म्हणून जे अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे चंदेरी स्टिकर मिळतात ते उष्णता सहन करतात हे खरं, पण पातळ असतात, एकदा सुरकुती पडली की ती कायमची आणि घासणी लागली की ओरखडा.

त्यापेक्षा शेगडीच्या मागची आणि दोन्ही बाजूंची थोडी जागा मोकळीच सोडा. टाइल आहे ना तिथे, ती पुसायलाच बनवलेली असते. अगदीच नको वाटत असेल तर स्टीलचा पत्रा मापाने कापून घ्या किंवा टफन्ड काच आधीच मापाची बनवून घ्या (ती नंतर कापता येत नाही) आणि नुसती टेकवून उभी करा, न चिकटवता, घर बदलताना ती बरोबर येते. स्टिकर लावायचाच तर सिंकच्या पलीकडे, जिथे पोळपाट-लाटणं ठेवता त्या कोरड्या बाजूला लावा.

आणि त्या कपबशीवाल्या टाइल्सचं म्हणाल तर सगळी भिंत झाकायची गरजच नसते, डोळ्यात खुपणाऱ्या टाइल्स असतात चार-सहा. तेवढ्याच मापाचे सुटे टाइल स्टिकर मिळतात, ते लावा. पण माप घ्या आधी! जुन्या बिल्डिंगमध्ये टाइल बहुतेक 8 बाय 12 इंचाची असते, नव्यात 12 बाय 18, आणि ऑनलाइन येणारे स्टिकर बऱ्याचदा चौकोनी असतात, म्हणजे ते लावल्यावर खालून अर्धी बशी डोकावत राहते.

ओट्याला मार्बल पेपर

याचं थोडक्यात सांगते, नका करू. गरम कढई ठेवली की डाग, सुरी लागली की चीर, सिंकच्या कडेने पाणी आत शिरलं की खाली कुबट वास आणि झुरळांना हक्काचं घर. काळा ओटा वाईट दिसतो हा समज आहे, त्याच्यावर पितळी डबा, मातीचा कुंडा, पिवळी बरणी असं काही ठेवून बघा, उठून दिसतं. घरी आजीचे पितळी डबे, तांब्या माळ्यावर पडले असतील तर चिंच-मीठ लावून घासा आणि ओट्यावर आणा, ऑनलाइनचं विंटेज डेकोर म्हणजे तरी दुसरं काय असतं.

हुक निघून पडतात ते हुकाच्या दोषाने नाही

"मी लावलेला हुक रात्री धाडकन पडला, सोबत चार वाट्या घेऊन" असं कुणी सांगितलं की नव्वद टक्के वेळा कारण एकच, खालचा पृष्ठभाग. किचनच्या टाइलवर डोळ्याला न दिसणारा तेलाचा थर असतो. ओल्या फडक्याने पुसून तो जात नाही, आधी भांडी घासायच्या लिक्विडने धुवा, पूर्ण कोरडं करा, मग मेडिकलमध्ये मिळणारं स्पिरिट कापसावर घेऊन पुसा आणि मग हुक चिकटवा. चिकटवल्यावर लगेच झारा लटकवू नका, काही हुकांना तासभर लागतो तर काहींना पूर्ण दिवस, ते पाकिटावर लिहिलेलं असतं पण पाकीट आपण आधीच फेकलेलं असतं. टाइलच्या दोन तुकड्यांमधल्या फटीवर हुक आला तरी तो टिकणार नाही, कारण तिथे तो पूर्ण टेकत नाही.

रंगाच्या भिंतीचं वेगळंच. भाड्याच्या घरात बहुतेक स्वस्तातलं डिस्टेंपर मारलेलं असतं. हात फिरवून बघा, तळव्याला पांढरी पावडर लागली तर त्या भिंतीला काहीही चिकटवायचं नाही. चिकटवलंत तर दोनपैकी एक होणार, एक तर पडेल, नाहीतर काढताना रंगाचा पापुद्रा घेऊन येईल, आणि दुसऱ्यात डिपॉझिट कापलं जातं. अशा वेळी जमिनीवर उभं राहणारं काहीतरी घ्या, उंच अरुंद रॅक, नाहीतर दोन भिंतींच्या मध्ये दाबून बसवायचा स्प्रिंगचा रॉड. हा रॉड खिडकीच्या कोनाड्यात फार छान बसतो, त्यावर एस आकाराचे हुक अडकवून कप, गाळणी, चिमटा लटकवता येतो. वजनदार काही नको मात्र, कुकर तर नकोच नको.

आधीच्या भाडेकरूने ठोकलेले खिळे असतील तर ते मात्र बिनधास्त वापरा. आणि स्वतः ड्रिल मारायची परवानगी मिळालीच तरी नळाच्या सरळ वर आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, आतून पाइप किंवा वायर गेलेली असण्याची शक्यता तिथेच जास्त.

उघड्या फळ्या आणि एकसारख्या बरण्या

मला स्वतःला उघड्या फळ्या आवडतात, पण शेगडीच्या वर नाही. कुकरची शिट्टी झाली की वाफ सरळ वर जाते आणि तिथल्या बरण्यांना जाऊन भिडते. महिन्याभरात "हळद" लिहिलेल्या लेबलचा एक कोपरा सुटतो, मग "धने" वाकडं होतं, झाकणावर पिवळसर चिकट थर जमतो ज्याच्यावर धूळ बसून ती लोकरीसारखी दिसायला लागते, आणि आतल्या तिखटाचे गोळे होतात ते वेगळंच. मसाल्याला उष्णता, वाफ, ऊन तिन्ही चालत नाही, काचेच्या पारदर्शक बरणीत खिडकीपाशी ठेवलेल्या तिखटाचा रंग उडतो हे तर सगळ्यांनीच पाहिलंय.

म्हणून रोजचं सगळं आपल्या मिसळणाच्या डब्यात, तो स्टीलचा गोल डबा छोट्या किचनमधली सगळ्यात हुशार वस्तू आहे, सात मसाले एका थाळीच्या जागेत. वर्षाचा गोडा मसाला, काळं तिखट हे बंद कपाटात अंधारात. काचेच्या बरण्यांची हौस पोहे, साबुदाणा, शेंगदाणे, डाळी यांच्यावर भागवा, त्या शेगडीपासून लांबच्या भिंतीला ठेवा, आणि सगळ्या एकसारख्याच हव्यात असं काही नाही, पण झाकणांचा रंग एक ठेवलात तरी पसारा निम्मा वाटतो. पुण्यात असाल तर बोहरी आळीत एक चक्कर मारा, ऑनलाइनच्या सेटपेक्षा सुट्या बरण्या हातात घेऊन झाकण फिरवून घेता येतात.

जुनी स्टीलची मांडणी असेल तर तिला भंगारात देऊ नका प्लीज. ताटं, वाट्या, पेले रांगेत लागलेली मांडणी हे दिसायला सुंदरच असतं, फक्त ती भिंतीला ठोकावी लागते, म्हणून घरमालकांना विचारून घ्या किंवा ती ड्राय बाल्कनीच्या ओट्यावर टेकवून उभी करता येते का बघा. नवीन रॅक घेताना जोड बघा. स्टेनलेस म्हणून विकलेले स्वस्त रॅक वेल्डिंगच्या जागी पहिल्याच पावसाळ्यात गंजतात. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली कपाटं तर सिंकजवळ ठेवूच नका, खालून पाणी पिऊन फुगतात आणि मग दार लागत नाही. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी तर विचारही करू नये.

सिलिंडर दिसू नये म्हणून

इथे स्टाइल बाजूला ठेवा. ओट्याखाली कापडी पडदा लावून सिलिंडर लपवायचा, नाहीतर त्याला झालरवालं कव्हर शिवायचं ही पद्धत खूप घरांत आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, लीक झाला तर वर न जाता जमिनीलगत साठतो, त्यामुळे सिलिंडरची जागा खालून मोकळी, हवा खेळती हवी. सिलिंडर नेहमी उभा, आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. पडदा लावायचाच असेल तर सिलिंडरचा खण सोडून बाकीच्या खणांना लावा, सुती कापडाचा, जमिनीपासून वीतभर वर, आणि शेगडीच्या कडेला लोंबणार नाही असा. सिलिंडरपासून शेगडीपर्यंतची नारिंगी सुरक्षा ट्यूब 5 वर्षांनी बदलायची असते, घर भाड्याने घेतलं तेव्हाच ती कधीची आहे ते बघून घ्या, आधीच्या माणसाने बदलली असेलच असं नाही. गॅसचा वास आलाच तर रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, लाइटच्या बटणाला हात लावायचा नाही आणि गॅसच्या इमर्जन्सी नंबरला, 1906 ला फोन.

पाइप गॅस असेल तर त्या पिवळ्या पाइपला झारे, चिमटे, फडकी, मनी प्लांट काहीही लटकवू नका. तो दिसतोच तसा, हँगर म्हणून लावल्यासारखा, पण नाही. मीटरला पण कपाटात कोंडू नका.

एकच पांढरी ट्यूब

किचन उदास दिसतं त्याचं खरं कारण खूपदा रंग किंवा टाइल्स नसून लाइट असतो. ट्यूब असते मागच्या भिंतीला, आपण उभे ओट्याकडे तोंड करून, म्हणजे नेमकी आपलीच सावली चिरत असलेल्या भाजीवर. त्यात ती ट्यूब 6500 केल्विनची निळसर पांढरी, ज्यात वरणसुद्धा आजारी दिसतं. ओट्याच्या वर कपाट किंवा फळी असेल तर तिच्या खालच्या कडेला एक एलईडी पट्टी लावा, 3000 ते 4000 केल्विनची, बॉक्सवर आकडा असतो, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. वायर ओढायची नसेल तर चार्जिंगचे मॅग्नेटवाले लाइट मिळतात, ते काढून चार्ज करायचे आणि परत लावायचे. शेगडीच्या डोक्यावर मात्र नाही, आणि सिंकच्या शिंतोड्यांपासून लांब.

लाइटवरून आठवलं, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर मिक्सर, इंडक्शन आणि इलेक्ट्रिक केटल लावून कोपरा कॉफी स्टेशन वगैरे करणारे आहेत. साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटला झेपतं साधारण 1380 वॉट, आणि इंडक्शन एकटाच 2000 वॉटपर्यंत खेचतो. त्याला 16 अँपिअरचा मोठा पॉइंट लागतो, किचनमध्ये तो कुठे आहे हे बघून मगच काय कुठे ठेवायचं ते ठरवा, कॉफी स्टेशन सजवायला नंतर वेळ आहेच.

माप न घेता खरेदी

फ्रिजशेजारच्या फटीत बसणारी चाकांची अरुंद ट्रॉली भारी वस्तू आहे, घ्याच, पण फट खालीही मोजा आणि वरही, कारण जुन्या घरांत भिंत सरळ नसते आणि खाली स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची टाइलची पट्टी, अर्धा इंच खाऊन टाकतं. फ्रिजच्या मागे-बाजूला हवेसाठी थोडी जागा सोडायची असते, तीही धरू नका ट्रॉलीच्या मापात. फ्रिजचं दार, ट्रॉल्या, किचनचा दरवाजा हे सगळं एकदम उघडून बघा कोण कोणाला आपटतंय ते.

कुंड्यांचं म्हणाल तर मनी प्लांट ठीक, कोथिंबिरीला ऊन लागतं, नुसत्या किचनच्या उजेडावर ती लांबुडकी होऊन मान टाकते. एक्झॉस्ट फॅनच्या समोर कुंड्यांची रांग लावून हवा अडवू नका.

घरमालकांना न विचारणं

लोक याचा उगाच बाऊ करतात. एक मेसेज पुरतो, "काका, किचनमध्ये ओट्याच्या बाजूला टाइलवर स्टिकर लावायचा विचार आहे, जाताना काढून साफ करून देईन, चालेल ना?" उत्तर आलं की ते डिलीट करू नका. राहायला जायच्या दिवशीच ओटा, सिंक, ट्रॉल्या, टाइल्सच्या चिरा, आधीची भोकं यांचे फोटो काढून त्याच चॅटवर पाठवून ठेवा, म्हणजे तारखेसकट नोंद राहते. अ‍ॅग्रीमेंटला फिटिंगची यादी जोडलेली असते ती पण वाचा, चिमणी चालू आहे की नुसती टांगलेली आहे हे तिथेच कळायला हवं.

लावून बसलात आणि आता निघत नाहीये?

टाइलवरचा स्टिकर ओरबाडू नका. हेअर ड्रायरची गरम हवा एका कोपऱ्यावर अर्धा-एक मिनिट सोडा आणि कोपरा सुटला की हळूहळू भिंतीला समांतर ओढत या, जिथे अडेल तिथे परत गरम करा. मागे राहिलेल्या गोंदावर खोबरेल तेल चोळून थोडा वेळ ठेवा, मग जुन्या एटीएम कार्डाने खरवडा आणि लिक्विडने धुवा. हे फक्त टाइल आणि स्टीलवर, रंगाच्या भिंतीला तेल लावलंत तर गोंद जाईल आणि तेलाचा डाग राहील. चिकट पट्टीवाले हुक असतील तर पट्टीचं टोक स्वतःकडे न खेचता भिंतीलगत खाली खाली ताणायचं, ती लांबत लांबत आपोआप सुटते.

खिळ्याची भोकं हार्डवेअरच्या दुकानातल्या पुट्टीने बुजवा, टाइलमधलं भोक असेल तर व्हाइट सिमेंटने, आणि वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारा. रंगाचा शेड जुळत नसेल तर नुसता ठिपका रंगवू नका, तो भोकापेक्षा जास्त दिसतो, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तेवढी एक पट्टी मारून टाका. आणि हे सगळं चावी द्यायच्या आदल्या रात्री काढू नका, पुट्टी वाळायलाच वेळ लागतो.