जुना फ्रीझर बदलावा की दुरुस्त करावा, हे कसे ठरवावे?

फ्रीझर पंधरा वर्षांचा झाला, एवढ्यावरूनच तो बदलण्याचा निर्णय घेऊ नये. आतले तापमान आणि विजेचा वापर या दोन गोष्टी आधी मोजाव्यात, कारण वय सारखे असले तरी दोन यंत्रांची अवस्था फार वेगळी असू शकते.

तापमापक आतल्या पाकिटांच्या मधोमध चोवीस तास ठेवावा. उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमान टिकत असेल, तर यंत्र आपले मुख्य काम नीट करीत आहे. ते टिकत नसेल, तरी लगेच नवा फ्रीझर पाहायला निघण्याचे कारण नाही. पुष्कळदा दोष दाराच्या रबरात असतो. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे. ती ओढल्यावर सहज निसटत असेल, तर त्या जागी रबर सैल झाले आहे आणि तेथून बाहेरची दमट हवा आत शिरून बर्फाचे थर साचत आहेत. असा थर सहा मिलिमीटरपेक्षा जाड झाला, की तो थंडावा अडवू लागतो, म्हणून तो वितळवून काढावा. मात्र सुरीने खरवडू नये, कारण भिंतीतल्या नळीला भोक पडले तर तिच्यातून फिरणारा, थंडावा निर्माण करणारा गॅस निघून जातो आणि धडधाकट यंत्रही निकामी होऊ शकते. मागची जाळी उघडी असेल, तर तिच्यावरची धूळही प्लग काढून झाडावी.

एवढे केल्यानंतर, प्लगला लावायच्या वीजमापकाने आठवडाभराचा वापर मोजावा. समजा, रोज दोन युनिट लागतात, म्हणजे वर्षाला ७३० युनिट होतात. तेवढ्याच क्षमतेच्या नव्या यंत्राच्या लेबलवर ३०० युनिट लिहिलेले असेल, तर ४३० युनिटांची बचत होईल. त्यांना आपल्या वीजदराने गुणावे आणि नव्या यंत्राची किंमत त्या रकमेने भागावी. उत्तर जितकी वर्षे येईल, तितक्या वर्षांत खर्च भरून निघेल. हा हिशेब मला वयापेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह वाटतो.

रबर, थर्मोस्टॅट (तापमान नियंत्रित करणारा भाग) किंवा कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) सुरू करणारा रिले बिघडला असेल, तर दुरुस्ती करणेच योग्य. कॉम्प्रेसर स्वतः निकामी झाला असेल किंवा गॅस गळत असेल, तर गोष्ट वेगळी आहे: बंद नळ्यांचे काम महाग पडते, आणि गळती शोधून बुजवल्याशिवाय नुसता गॅस भरला तर तो पुन्हा निघून जातो. दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर जुन्यात पैसे घालू नयेत. बाहेरच्या भिंतीवर एकाच जागी सतत घाम येत असेल, तर भिंतीच्या आतला, थंडावा टिकवणारा फोम ओला झाला असण्याची शक्यता असते, आणि तो घरी बदलता येत नाही.

नवे यंत्र घेतल्यावर जुने ‘असू दे’ म्हणून चालू ठेवू नये. तसे केल्यास बचतीचा सगळा हिशेब उलटतो. ते अधिकृत संकलन केंद्राकडेच द्यावे, कारण आतला गॅस हवेत न सोडता काढून घ्यावा लागतो. नेईपर्यंत त्याचे दार काढून ठेवावे, म्हणजे एखादे मूल आत अडकण्याचा धोका राहणार नाही.